विमानतळाची जमीन कोणाची?

३० ऑक्टोबर २००८ च्या मध्यरात्री बर्लिनमधील टेम्पेलहोफचा विमानतळ कायमचा बंद झाला. त्या रात्री अखेरीस उडालेली दोन्ही विमाने जुन्या पंख्यांची होती, आणि त्यांपैकी एक १९४८ च्या कोंडीत याच धावपट्टीवर अन्नधान्य उतरविणाऱ्या विमानांच्या जातीचे होते. शहराच्या मध्यापासून चार-पाच किलोमीटरांवर असलेली साडेतीनशे हेक्टरांहून अधिक जमीन दुसऱ्या दिवशी सकाळी एकाएकी निरुद्योगी झाली. अशा जमिनीचे पुढे काय करावयाचे, आणि ते कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न बर्लिनकरांनी ज्या रीतीने सोडविला तिचा विचार मुंबईकरांनी अवश्य केला पाहिजे असे आम्हांस वाटते.

ही जमीन कोणा एकाच्या खाजगी मालकीचे माळरान कधीच नव्हती. प्रशियाच्या सैन्याचे ते कवाइतीचे मैदान. ऑर्व्हिल राइट यांनी १९०९ साली येथेच आपले विमान उडवून दाखविले, १९२३ साली विमानतळ सुरू झाला, आणि १९२६ साली लुफ्तहान्सा कंपनीचा जन्मही येथलाच. सव्वा किलोमीटर लांबीची ती अजस्र वक्राकार इमारत मात्र नाझी राजवटीतली. एर्न्स्ट झागेबील या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार तिचे काम १९३६ साली सुरू झाले.

या इमारतीचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. पण तिच्या छायेत काय घडले हे सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. १ मे १९३३ रोजी हिटलरने याच मैदानावर कामगार दिनाचा प्रचंड सोहळा घडवून आणला आणि दुसऱ्याच दिवशी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेऊन त्यांच्या पुढाऱ्यांना अटक केली. मैदानाच्या उत्तर कडेला कोलंबिया-हाउस नावाचा तुरुंग होता; पुढे त्याची छळछावणी झाली आणि सुमारे आठ हजार कैदी तिच्यातून गेले. महायुद्धात या विमानतळाच्या आवारात लढाऊ विमाने जोडली जात आणि ते काम करण्यासाठी जिंकलेल्या देशांतून माणसे धरून आणली जात. त्यांची वस्ती मैदानावरच्या लाकडी बराकींत होती.

जगाला टेम्पेलहोफ ठाऊक आहे ते याच्या नंतरच्या एका वर्षामुळे. जून १९४८ मध्ये पश्चिम विभागांत नवे चलन आल्याचे निमित्त झाले आणि सोव्हिएत सत्तेने पश्चिम बर्लिनचे रस्ते, लोहमार्ग व कालवे बंद केले. वीस लाखांहून अधिक माणसांची वस्ती अशी एकाएकी कोंडली गेली. तेव्हा अमेरिका व ब्रिटन यांनी सारे शहर आकाशमार्गाने पोसण्याचा विडा उचलला. अन्नधान्य तर आणलेच, पण वाहिलेल्या मालापैकी बहुतांश माल कोळसा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या उद्योगाचा खरा आवाका समजतो. विमानाने कोळसा वाहणे हा व्यवहारी माणसाला वेडेपणाच वाटावा. परंतु बर्लिनच्या हिवाळ्यात त्यावाचून माणसे जगली नसती. सुमारे २ लाख ७७ हजार उड्डाणे झाली, २३ लाख टनांच्या आसपास माल उतरला, आणि या कामी शंभरावर माणसांना प्राण गमवावे लागले. रुमालांच्या इवल्या छत्र्यांना बांधून मुलांसाठी मिठाई टाकणारे वैमानिक गेल हॅल्व्हरसन यांची कथा शाळकरी पुस्तकांत गेली, आणि ते योग्यच झाले. तीन वर्षांपूर्वी ज्या शहरावर बाँब टाकले त्याच शहराला भाकरी पोहोचविण्याचा प्रसंग इतिहासात वारंवार येत नाही.

मोठ्या जेट विमानांना टेम्पेलहोफच्या दोन किलोमीटरांच्या धावपट्ट्या अपुऱ्या पडू लागल्या आणि १९७५ साली वाहतूक टेगेलला गेली. पुढे काही काळ ती पुन्हा सुरू झाली तरी जर्मनीच्या एकीकरणानंतर सर्व विमाने शेनेफेल्डच्या बाजूला एका नव्या विमानतळावर न्यावीत असा निर्णय १९९६ साली झाला. (तो नवा विमानतळ उघडावयास २०२० साल उजाडले. जर्मन वक्तशीरपणाचे दाखले देणाऱ्यांनी हेही टिपून ठेवावे.) टेम्पेलहोफ चालूच राहावा म्हणून नागरिकांनी सार्वमत मागितले आणि एप्रिल २००८ मध्ये ते घेण्यात आले. मतदान करणाऱ्यांपैकी साठ टक्के लोक विमानतळाच्या बाजूने होते. परंतु एकूण मतदारांपैकी पंचवीस टक्क्यांची अट पुरी झाली नाही आणि विमानतळ बंद पडला.

खरी परीक्षा त्यानंतर आली. ८ मे २०१० रोजी, म्हणजे युद्धसमाप्तीच्या स्मरणदिनी, मैदान लोकांस खुले झाले. धावपट्ट्यांवर मुले सायकली शिकू लागली, कोणी पतंग उडवू लागले, कोणी पेट्यांत भाजी पिकवू लागले. चंडोल पक्ष्यांच्या विणीसाठी गवताचे पट्टे राखले गेले. नगर शासनाने कडेकडेने सुमारे ४,७०० घरे व एक मोठे ग्रंथालय बांधण्याचा बेत मांडला. तो अविचारी होता असे आम्ही म्हणणार नाही. बर्लिनमध्ये घरांची टंचाई खरी होती, आज ती अधिकच तीव्र आहे, आणि २०२३ साली सत्तेवर आलेल्या आघाडीने कडेच्या बांधकामाची कल्पना पुन्हा पुढे आणली ती काही निव्वळ हट्टापायी नव्हे. तथापि २५ मे २०१४ रोजी सार्वमत झाले, सुमारे ७ लाख ३९ हजार मतदारांनी मैदान जसे आहे तसे राखण्याच्या बाजूने कौल दिला, अट पुरी झाली आणि त्याचा कायदा झाला. हा कौल चुकीचा होता असे कोणास वाटत असेल तर त्याने तो कायदा उघडपणे बदलून घ्यावा लागेल आणि लोकांसमोर त्याचे उत्तरही द्यावे लागेल.

आता आमच्याकडे पाहा. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील अठ्ठावन्न गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन अशीच निरुद्योगी झाली. १९९१ च्या विकास नियमावलीने तिचे ढोबळमानाने तीन वाटे ठरविले : एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली या नियमाच्या शब्दांत बदल झाला. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची व्हावी, इमारत पाडून मोकळी होणारी जागा तीत धरू नये, असे ठरले. गिरणी म्हणजे बहुतेक सारी इमारतच. तेव्हा शहराच्या वाट्याला काय उरले हे सांगावयास गणितज्ञ नको. उच्च न्यायालयाने २००५ साली लोकांच्या बाजूने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली फिरविला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे मिटले. परंतु ज्या कामगारांच्या घामावर त्या जमिनीचे मोल वाढले त्यांना, किंवा लोअर परळच्या पुलावर रोज चेंगरणाऱ्या लाखोंना, ‘मोकळी जागा’ या दोन शब्दांचा अर्थ काय घ्यावयाचा हे एकदाही विचारले गेले नाही. बर्लिनकर दोनदा विचारले गेले, आणि त्यांतल्या एका वेळी बहुसंख्यांच्या मनाविरुद्ध झाले तरी विचारले गेलेच.

मुंबईतही एक विमानतळ असा आहे. जुहूचा तळ १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून निघालेले जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन तेथेच उतरले. मोठी विमाने सांताक्रूझला गेल्याला पाऊण शतक उलटले आहे. आज जुहूला मुख्यतः हेलिकॉप्टरे उतरतात. २०२५ च्या डिसेंबरात नवी मुंबईचा विमानतळ वाहतुकीस खुला झाल्यावर जुहूच्या जमिनीकडे लोभी नजरा वळणारच नाहीत असे मानण्याइतके भोळे आम्ही नाही. तो तळ उद्याच बंद होईल असे आमचे भाकीत नव्हे. पण बंद करण्याची भाषा सुरू होण्यापूर्वीच केंद्र सरकारने व विमानतळ प्राधिकरणाने त्या जमिनीचा नकाशा, तिचे क्षेत्रफळ, तिच्यावरील भाडेपट्टे व अतिक्रमणे यांचा तपशील प्रसिद्ध करावा. विकास आराखड्यात तिच्याविषयी कोणताही बदल सुचविला गेल्यास त्याची सुनावणी अंधेरी-विलेपार्ल्याच्या नागरिकांसमोर, मराठीत आणि सुटीच्या दिवशी व्हावी. कचेरीच्या वेळात, इंग्रजी सूचनेच्या आधारे नव्हे.