हयातीचा दाखला आणि मरणाची तारीख

नोव्हेंबर उजाडला की बँकेत पेन्शनरांची रांग लागते. आपण जिवंत आहोत, हे त्यांना दरवर्षी सरकारला कळवावे लागते. पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या शाखेतल्या रांगेत एक बाई उभ्या होत्या. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान जुलैत घरातून बाहेर पडले, ते परतलेच नव्हते. ‘‘साहेब, कसला दाखला देऊ? आहेत म्हणू, की नाहीत म्हणू?’’

कायद्यापाशी या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. सात वर्षे ज्याची खबरबात नाही तो मृत धरावा, हे १८७२च्या पुरावा कायद्याचे उत्तर. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कलम १११ म्हणून कायम आहे. पण चूल सात वर्षे थांबत नाही. म्हणून १९८६मध्ये केंद्राने दुसरी वाट काढली. पोलिसांत तक्रार, शोध न लागल्याचा अहवाल आणि इंडेम्निटी बाँड दिला, की वर्षभराने कुटुंब निवृत्तिवेतन मिळू लागे. पुढे ही मुदत सहा महिन्यांवर आली. नियम माणुसकीचा आहे.

घोटाळा होतो तो प्रेत सापडल्यावर. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतच देय असते. नंतर खात्यात पडलेली रक्कम परत करावी लागते. तशी हमी पेन्शनरानेच आधी लिहून दिलेली असते. म्हणजे सारे तारखेवर येते. सात वर्षांचे गृहीतक मृत्यूपुरतेच आहे, तारखेचे नाही. ती सांगणाऱ्याने सिद्ध करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या खटल्यात सांगितले.

त्या बाईंच्या बाबतीत तारीख वर्षाच्या आतच मिळाली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद होती, जुलैचीच. मधल्या महिन्यांची पेन्शन बाईंनी संयुक्त खात्यातून काढून घरखर्चात आणि शोधात घातली होती. वसुलीचे पत्र तडकाफडकी गेले. त्याच महिन्यांचे कुटुंब निवृत्तिवेतन सरकार त्यांना देणे लागत होते. ते प्रकरण मात्र दुसऱ्या टेबलावर पडून राहिले.

मृत्यू लपवून पैसे खाणाऱ्यांकडून पै न् पै वसूल करावी. पण वाट पाहणे ही लबाडी नव्हे. येणे आणि देणे एकाच कागदावर मांडावे, फरक उरलाच तर तो पुढच्या रकमेतून हप्त्याने कापावा. त्यासाठी नवा कायदा नको, साधी वजाबाकी पुरे.

ती मी केली नाही. त्या पत्रावर सही माझी होती.