वाघनखं हाताला कधी लागणार?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली. १९ जुलैला साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन सुरू झालं, पुढे ती नागपूरला गेली. ती खरी की खोटी यावर वाद भरपूर झाले. इथे वोल्फ्सबुर्गमध्ये आमच्या मराठी ग्रुपवरही दोन दिवस तोच विषय होता. पण एक साधा प्रश्न त्या गदारोळात कुणी विचारलेला मला तरी दिसला नाही. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याने ही वाघनखं पाहायची कशी?

वाघनखं म्हणजे बोटांत चढवून मुठीत लपवायचं हत्यार. ते समजतं हाताला. काचेआड ठेवलं की डोळस माणसालाही त्याचा अंदाज अर्धाच येतो. मूळ वस्तू काचेतच राहायला हवी, याबद्दल दुमत नाही. पण शेजारी त्याच मापाची, धार बोथट केलेली प्रतिकृती ठेवायला लागतं काय? एक चांगला कारागीर आणि एक टेबल. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘अनुभव’ नावाचं असं दालन २०१५ मध्येच सुरू झालं. तिथे २२ प्रतिकृती हात लावून पाहता येतील अशा मांडल्या, सोबत ब्रेलमधली माहिती आणि ऐकण्याची सोय. तेव्हा हे काही परदेशी खूळ नाही.

मी राहतो ते वोल्फ्सबुर्ग १९३८ मध्ये मोटारींच्या कारखान्यासाठी वसवलेलं शहर. फोक्सवॅगन सोडली तर पाहुण्यांना दाखवायला १९९४ चं कला संग्रहालय आणि स्टेशनाजवळचं ‘फेनो’ हे विज्ञान केंद्र. झहा हदीद यांनी आराखडा केलेलं फेनो २००५ मध्ये उघडलं. तिथे प्रयोगांना हात लावणं हाच नियम. आतली जमीन मात्र सपाट नाही, टेकडीसारखी चढउताराची आहे. जगभर नावाजलेली इमारत असली, तरी चाकाच्या खुर्चीवरून ती कशी वाटते हे खुर्चीवरच्या माणसालाच विचारावं लागतं.

कारण सगळं गणित उताराच्या कोनात आहे. जर्मन मानकानुसार रॅम्पचा चढ जास्तीत जास्त ६ टक्के. आपल्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत तो १:१२. दाराशी तीन पायऱ्या, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर उंची असेल तर भारतीय हिशोबाने ५.४ मीटर लांब रॅम्प हवा, जर्मन हिशोबाने ७.५ मीटर. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी दीड-दोन मीटरचा सिमेंटचा घसरगुंडीसारखा तुकडा दिसतो. तो फोटोपुरता रॅम्प. त्यावरून खुर्ची एकट्याने वर जात नाही आणि खाली येताना आवरत नाही.

‘एकट्याने’ हा शब्द महत्त्वाचा. जर्मनीत २००२ चा दिव्यांग समानता कायदा आहे (त्याचं जर्मन नाव एका दमात म्हणता येत नाही). त्यात ‘अडथळामुक्त’ची व्याख्या दिली आहे : जागा सापडायला हवी आणि नेहमीच्या पद्धतीने, विशेष त्रास न होता, शक्यतो दुसऱ्याच्या मदतीशिवाय वापरता यायला हवी. आपल्याकडे मदतीला माणसांची कधीच कमी नसते. अजिंठ्याला, घारापुरीला डोलीवाले आहेत. कुठेही जा, चार जण पुढे होऊन खुर्ची उचलतात. यात माया आहे, नाकारत नाही. पण माझ्या सासूबाई गुडघ्यांमुळे खुर्चीवरून फिरतात आणि पुण्यात संग्रहालयाचं नाव काढत नाहीत. म्हणतात, “लोकांनी उचलायचं आणि आपण देवासारखं वर बसायचं, नको बाई.” ज्यांना असं वाटतं, ते घरीच राहतात. मग व्यवस्थापन म्हणतं, दिव्यांग येतातच कुठे?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दिव्यांगांची संख्या २९ लाखांवर होती. शिवाय म्हातारपणी आपण सगळेच त्या वाटेवर असतो.

कायदा आपल्याकडेही आहे, आणि चांगला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २९ सांस्कृतिक जीवनाबद्दलच आहे, त्यात कला दिव्यांगांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. अडलं कुठे, ते सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सांगितलं. कायदा म्हणतो ‘करावंच लागेल’, आणि नियम क्रमांक १५ मधली मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात ‘केलंत तर बरं’. न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान बंधनकारक निकष तीन महिन्यांत ठरवायला केंद्राला सांगितलं. ही याचिका २००५ ची होती!

माझं काम सॉफ्टवेअरचं, म्हणून मला पहिली पायरी दिसते ती वेबसाइटवर. वेळापत्रक स्कॅन करून चढवलेलं असतं, अंध माणसाचा स्क्रीन रीडर त्यातलं अक्षरही वाचत नाही. तिकिटाच्या पानावर चित्रांची बटणं, त्यांना नावं नाहीत, त्यामुळे तो नुसतं “बटण, बटण” म्हणत राहतो. माणूस संग्रहालयाच्या दारापर्यंत पोचतच नाही. जर्मनीत २८ जून २०२५ पासून ग्राहकांना ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना असे अडथळे काढणं बंधनकारक झालंय. दहापेक्षा कमी माणसांच्या छोट्या सेवा-व्यवसायांना मात्र सूट आहे, आणि २००२ चा कायदाही मुख्यतः संघराज्याच्या सरकारी यंत्रणेलाच बांधतो. म्हणजे इथेही सगळं आलबेल नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. कोड बदलायला इमारत पाडावी लागत नाही, तेव्हा सुरुवात इथून करायला हरकत नसावी.

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. या विभागाने आणि सांस्कृतिक खात्याने मिळून एक अट घालावी : नवं दालन किंवा वेबसाइट यांच्या निविदेत सुगम्यतेचे निकष लिहायचे आणि दिव्यांग व्यक्तींनी वापरून पाहिल्याशिवाय शेवटचं बिल द्यायचं नाही. मोठी अक्षरं, सोप्या मराठीतले फलक, दर दालनात बसायला बाक, हाताळायला चार-दोन प्रतिकृती, एवढं तर जुन्या वाड्यातल्या संग्रहालयालाही जमेल.

आपण परदेशातले लोक सुट्टीत मुलांना घेऊन संग्रहालयात जातो, अभिप्रायाच्या वहीत “छान” लिहून येतो. या खेपेला त्याच वहीत विचारूया, रॅम्प कुठे आहे, हात लावून पाहण्यासारखं काय आहे. वाघनखांची मुदत २०२७ मध्ये संपेल. त्याआधी एक प्रतिकृती टेबलावर आली, तर ती परत पाठवावी लागणार नाही.