परीक्षा औषधाची की आपली?

मागच्या हिवाळ्यात आपल्या भागात औषधवाल्यांची जीप आली. वांग्याच्या अळीवर नवं औषध आहे, फुकट देतो, तुमच्या वावरात मारून बघू, असं म्हणाले. आपल्यातल्या काहींनी वाफे दिले. पंप पाठीवर घेऊन फवारणी आपणच केली, उघड्या अंगानं, तोंडाला फडकं बांधून. दोघांना उलट्या झाल्या. तोडणीला जीप परत आली, किडकी-चांगली वांगी मोजली, वहीत लिहिलं आन् गेली. औषध लागू पडलं का, ते आजवर कुणी सांगितलं नाही.

औषध तपासायला आपला विरोध नाही. अळीनं नुकसान आपलंच होतं. ती आधी कोवळा शेंडा पोखरते, शेंडा मान टाकतो. मग फळात शिरते. एकदा आत गेली की वरून कितीही फवारा, तिला लागत नाही. म्हणून काय, कधी, किती मारायचं हे तपासलंच पाहिजे. पण तपासायची रीत असते. शेजारी एक वाफा बिनफवारणीचा ठेवावा लागतो. तो नसेल तर फरक कशावरून कळणार? आणखी एका वाफ्यात फक्त सुकलेले शेंडे, किडकी फळं तोडून नष्ट करा. एकात निंबोळीचा अर्क मारा: 5 किलो निंबोळी कुटून, रात्रभर भिजवून, गाळून 100 लिटर पाणी करा. मग चारही वाफे ताडून बघा. जीपवाल्यांनी यातलं काहीच केलं नाही. ती परीक्षा नव्हे, जाहिरात होती.

आणखी एक गोष्ट. वनखातं ज्या प्लॉटला अतिक्रमण म्हणतं, तोच प्लॉट औषधवाल्यांना शेत म्हणून चालतो. पण पीक जळालं आन् भरपाई मागितली, की विचारतात, सातबारा कुठंय?

म्हणून आमचं म्हणणं असं :

1) गावसभेनं हो म्हटल्याशिवाय कुणी वाफा देऊ नये.

2) डब्यावरची माहिती मराठीत वाचून दाखवावी. 1968 च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. तांबडा सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. तांबड्याला हात लावू नये. हिरवा झाला तरी ते विषच.

3) फवारल्यावर किती दिवस तोडणी करायची नाही, ते लिहून द्यावं. तेवढे दिवस माल अडला तर त्याचे पैसे द्यावेत.

4) माणूस आजारी पडला, पीक गेलं, तर भरपाई द्यावी. सातबारा मागू नये.

5) निकाल गावसभेत सांगावा.

जमीन कसणारे आपण, विष अंगावर घेणारेही आपण. मग वही त्यांच्याकडेच का? पुढच्या वेळी जीप आली की आधी गावसभा बोलवा.