दुसरा गडी कुठे होता?

कबड्डीत पकड सुटली की मैदानाच्या कडेवरून पहिला ओरडा पडतो तो कॉर्नरवर, म्हणजे बचावाच्या टोकाच्या गड्यावर. 'घाई कशाला केलीस?' अंधेरी-बोरिवलीत उभे राहा नाहीतर मुलुंड-घाटकोपरला, हेच ऐकू येईल. त्यानं घोटा धरला तेव्हा त्याच्या आतल्या बाजूचे गडी, इन आणि कव्हर, काय करत होते, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. यंदाच्या मोसमात प्रशिक्षकांनी आधी हे विचारावं, कॉर्नरला नंतर बोलावं.

मध्यरेषा ओलांडणाऱ्या चढाईपटूपुढे तीन वाटा असतात: बोनस, गडी टिपणं, किंवा रिकाम्या हातानं परतणं. कुठली धरायची हे तो क्वचितच आधी ठरवतो. तो एका बचावपटूवर नजर रोखतो, बहुधा कॉर्नरवर. कॉर्नर पुढे झुकला तर हुलकावणी देऊन त्यालाच टिपायचं, मागे राहिला तर पाय बोनस रेषेकडे.

अमेरिकन फुटबॉलमधल्या 'ऑप्शन' चालीचं मर्म नेमकं हेच आहे. तिथे चेंडूवाल्याला वाट करून देणारे धिप्पाड गडी समोरच्यांना अडवतात, पण एकाला मुद्दाम मोकळा सोडतात. चाल खेळवणारा क्वार्टरबॅक त्या मोकळ्या गड्याकडे बघून ठरवतो, चेंडू द्यायचा की घेऊन पळायचं. टेक्सास विद्यापीठानं १९६८ साली या पद्धतीची 'विशबोन' रचना आणली आणि त्या काळात सलग ३० सामने जिंकले. आपल्या कामाचं आहे ते बचाव करणाऱ्यांनी शोधलेलं उत्तर. मधून घुसणाऱ्याला कोण धरणार, क्वार्टरबॅकला कोण, बाहेरून चेंडू घेणाऱ्याला कोण, हे चाल सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं. आपला गडी सोडून चेंडूमागे धावणारा तिथे बोलणी खातो, मग पकड झाली असली तरीही.

आपल्याकडे ही वाटणी सहसा होत नाही. सातही जण चढाईपटूकडे बघत असतात आणि ज्याला जमेल तो झेपावतो. बोनसचंच बघा. एक पाय रेषेपलीकडे आणि मागचा हवेत, तेव्हा चढाईपटू क्षणभर एकाच पायावर असतो. कॉर्नरला घोट्यासाठी याहून चांगली वेळ नाही. पण बोनस रेषेपासून मध्यरेषा पावणेपाच मीटर, आणि ताकदीचा गडी एकट्या कॉर्नरला फरपटत नेतो. म्हणून कॉर्नरचा हात पडायच्या आत कव्हरनं परतीची वाट ब्लॉक करायला निघायला हवं, हात पडल्यावर नव्हे. साखळीत हात हातात असतोच. तो दाबला की निघायचं, एवढा इशारा पुरतो. लाऊडस्पीकरवरच्या समालोचनात आरोळी ऐकू येत नाही, दाब कळतो.

२०१५ ची प्रो कबड्डी जिंकणाऱ्या यू मुम्बाच्या बचावाची आठवण काढताना सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर या कॉर्नरच्या जोडीचं कौतुक होतं, ते योग्यच. पण जीवा कुमार आणि विशाल माने आतून वाट बंद करत होते म्हणून त्या जोडीला बिनधास्त हात टाकता येत होता. उलट बाजूचा धडा २०१८ ला जकार्त्यात मिळाला. १९९० पासून आशियाई स्पर्धेतलं प्रत्येक सुवर्ण जिंकलेल्या भारताला इराणनं उपांत्य फेरीत २७-१८ असं हरवलं. भारताला अठरा गुणांवर रोखणं हे एकट्यादुकट्याच्या पकडीचं काम नव्हे.

आता आकड्यांकडे वळू, कारण सर्वाधिक गुण आपण तिथे घालवतो. मैदानात पाच किंवा कमी गडी उरले की बोनस मिळत नाही. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत रिकामं परतता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर चढाईपटूकडे एकच वाट उरते, गडी टिपण्याची. नाही टिपला तर तो बाद. म्हणजे बचावानं अंतर राखून तीस सेकंद जाऊ दिले तरी गुण आपला. आणि नेमक्या याच चढाईत आपली पोरं अंगावर धावून जातात आणि हाताला येतात! हा दोष अंगातल्या जोराचा नाही. उरलेल्या गड्यांचा आकडा मोठ्यानं पुकारायची जबाबदारी आपण कुणाला दिलेलीच नसते.

यावर सराव करायला आपली अडचणच उपयोगी पडेल. आठवड्याच्या मधल्या वारी उपनगरातल्या संघांचा सराव अपुऱ्या गड्यांवरच चालतो. कुणी पाळीत अडकतो, कुणी लोकलमध्ये. मग प्रशिक्षक चिडून नुसत्या दंडबैठका काढून घेतात. त्याऐवजी पाच जणांचा बचाव लावा, पुढे तिघांचा, म्हणजे अव्वल पकडीच्या जादा गुणाचाही सराव होईल. प्रत्येक चढाईआधी एकानं आकडा आणि चढाई कितवी ते सांगायचं, दुसऱ्यानं कोण धरणार आणि कोण अडवणार ते. पकड साधली पण ठरलेल्या गड्यानं जागा सोडली, तर ती चढाई पुन्हा घ्या. पहिले काही दिवस पोरं कुरकुरतील. सातही जण जमतील त्या रविवारी बोनसची वाटणी करा, आणि त्या दिवशी कॉर्नरऐवजी कव्हरच्या पायांकडे बघत उभे राहा.