नेट गेले तरी रुग्णालय चालले पाहिजे

सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर पावसाळ्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘सर्व्हर डाऊन आहे, थोडं थांबा.’ हिर्डोशी खोऱ्यातून पहाटेची एसटी पकडून आलेली म्हातारी किंवा केळदहून खाली उतरलेला शेतकरी ते ऐकून बाकावर जाऊन बसतो. नेमके काय बंद पडले आहे हे त्याला कळत नाहीच, पण बहुतेक वेळा खिडकीमागच्या कर्मचाऱ्यालाही ठाऊक नसते.

शक्यता तीन असतात. दूर मुंबई-दिल्लीतला मूळ संगणक बंद असेल. रुग्णालयापर्यंत येणारी बाहेरची केबल तुटली असेल. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल उखडणे किंवा घाटात दरड येणे भोर-वेल्ह्याला नवीन नाही. तिसरी शक्यता अशी, की बाहेरचे सगळे ठीक आहे आणि रुग्णालयातलाच एखादा स्विच जळाला आहे. पहिल्या दोन गोष्टी स्थानिक डॉक्टरांच्या हातात नाहीत. तिसरी पूर्णपणे हातात आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. नोंदणी, प्रयोगशाळा, एक्स-रे, औषधांची खिडकी, प्रसूतिकक्ष हे सगळे एकाच आवारात असते. त्यांना एकमेकांशी बोलायला इंटरनेट लागत नाही. लागते ते आवारापुरते जाळे, म्हणजे लॅन.

या जाळ्याचा इतिहास ओपीडीत काम केलेल्या कुणालाही चटकन समजेल. सुरुवात हवाई बेटांवर झाली. 1971 मध्ये तिथल्या विद्यापीठाने बेटाबेटांवरची यंत्रे रेडिओने जोडली आणि त्या जाळ्याला ‘अलोहा’ नाव दिले. ज्याला बोलायचे त्याने बोलावे. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया जाते, मग थोडे थांबून पुन्हा बोलावे. दारात एकाच वेळी दहा नातेवाईक ओरडू लागले की डॉक्टरांना एकाचेही ऐकू येत नाही, तसेच हे होते. या पद्धतीत उपलब्ध वेळेपैकी जास्तीत जास्त 18 टक्केच सार्थकी लागतो, हे गणिताने दाखवता येते. 1973 मध्ये झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी त्यात साधी शिस्त आणली : आधी ऐका, कुणी बोलत नसेल तरच बोला, टक्कर झालीच तर दोघांनी गप्प व्हा. हेच ईथरनेट. 1980 मध्ये तीन कंपन्यांनी मिळून त्याचे सेकंदाला 10 मेगाबिट वेगाचे मानक जाहीर केले.

आयबीएमने 1985 मध्ये दुसरा मार्ग बाजारात आणला, टोकन रिंग. एक ‘टोकन’ संगणकांमधून फिरत राहते आणि ज्याच्याकडे ते येते त्यानेच बोलायचे. ही तर आपली ओपीडीची नंबरची चिठ्ठीच. कागदावर हीच पद्धत अधिक न्याय्य होती, कारण प्रत्येकाची पाळी ठरावीक वेळात येणारच याची हमी तिच्यात होती. तरीही ती हरली. तिची कार्डे महाग होती आणि ईथरनेट बनवणारे अनेक असल्याने ते स्वस्त होत गेले. आरोग्यसेवेतही हे नेहमी दिसते. जे उपकरण तालुक्याच्या गावी दुरुस्त होते तेच शेवटी टिकते.

जुन्या ईथरनेटचा मोठा दोष वेगळाच होता. सगळे संगणक एकाच जाड केबलवर ओळीने जोडलेले असत. दिवाळीच्या जुन्या माळेत एक दिवा गेला की सगळी माळ विझावी, तशी मधली एक जोडणी सैल झाली की अख्खे कार्यालय बंद पडे. 1990 मध्ये टेलिफोनच्या तारेसारख्या पिळाच्या जोडतारांचे मानक आले आणि प्रत्येक संगणकाला मध्यवर्ती पेटीपर्यंत स्वतंत्र केबल मिळाली. त्या पेटीच्या जागी पुढे स्विच आला, तेव्हा टकरीच संपल्या. एकाच खिडकीवरच्या रांगेऐवजी प्रत्येकाला स्वतःची खिडकी मिळावी, तसे झाले. 1995 मध्ये वेग 100 मेगाबिटवर गेला आणि 1999 मध्ये तांब्याच्या साध्या केबलवरून 1000 मेगाबिट म्हणजे एक गिगाबिट जाऊ लागले.

हे आकडे रुग्णाच्या बाजूने पाहावेत. छातीच्या एका डिजिटल एक्स-रेची फाइल साधारण 20 एमबीची धरली तर 10 मेगाबिटवर तिला किमान 16 सेकंद लागतात, 100 वर दोनहून कमी आणि गिगाबिटवर डोळ्याची पापणी लवेपर्यंत ती पोचलेली असते. पुणे-सातारा महामार्गावरच्या अपघातातला तरुण रात्री दोन वाजता स्ट्रेचरवर आहे. छातीत हवा साठली आहे का, हे त्या चित्रावरून ठरवायचे आहे. जिथे आतले जाळे नाही किंवा असून चालत नाही, तिथे ते चित्र पेन ड्राइव्हमध्ये घालून वॉर्डातले मामा जिना चढत असतात. आणि पेन ड्राइव्हबरोबर व्हायरसही चढतो.

‘आता वाय-फाय असताना तारा कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक खरेदी समितीच्या बैठकीत निघतो. वाय-फायचे पहिले मानक 1997 चे, वेग 2 मेगाबिट. म्हणजे वरच्या एक्स-रेला तब्बल 80 सेकंद. त्यानंतर वेग प्रचंड वाढला, डब्यावरचे आकडे तर छाती दडपवणारे असतात. पण एक गोष्ट बदललेली नाही. वाय-फाय हे मूळ अलोहासारखेच सगळ्यांनी मिळून वापरायचे एकच आकाश आहे. डब्यावरचा वेग त्या खोलीतल्या सगळ्या मोबाइलांत वाटला जातो. शिवाय जाड दगडी किंवा विटांच्या भिंती, लोखंडी कपाटे आणि एक्स-रे खोलीच्या दाराचा शिशाचा पत्रा लहरींना अडवतात. मग कुणीतरी मध्ये रिपीटर बसवतो. साधा रिपीटर ऐकायला आणि बोलायला एकच रेडिओ वापरत असल्याने वेग जवळपास निम्मा होतो. गंमत अशी, की वाय-फायच्या सहाव्या पिढीत यावर उपाय म्हणून मधल्या पेटीने प्रत्येकाला पाळी वाटून देण्याची सोय आली. टोकनची कल्पना तीस-पस्तीस वर्षांनी मागच्या दाराने परतली.

म्हणून वाटणी सरळ आहे. जे यंत्र जागचे हलत नाही, म्हणजे एक्स-रे, प्रयोगशाळा, केसपेपर, औषधभांडार, त्याला तारच हवी. वाय-फाय वॉर्डात फिरणाऱ्या टॅब्लेटसाठी ठेवावे आणि त्याच्या पेट्यांनाही तारच जोडावी.

भोर-वेल्ह्यात आणखी एक शत्रू आहे, वीज. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस इथे कडकडाटासह येतो. ओपीडीच्या इमारतीतून निवासस्थानापर्यंत किंवा शवविच्छेदन कक्षापर्यंत उघड्यावरून ओढलेली तांब्याची केबल जवळ वीज पडली की झटका आत आणते आणि दोन्ही टोकांचे स्विच एका रात्रीत जातात. तांब्याच्या केबलला 100 मीटरची मर्यादाही आहे. दोन इमारतींमध्ये ऑप्टिकल फायबरच हवे. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. याच पुणे जिल्ह्यात खोडदच्या जीएमआरटी महादुर्बिणीच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. त्यांचे संकेत मध्यवर्ती इमारतीत फायबरवाटेच येतात. दोन इमारतींसाठी तोच मार्ग फार मोठा खर्च नाही.

जोडले म्हणजे झाले, असेही नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत नामांकित रुग्णालयाला कित्येक दिवस कागद-पेनाने काम करावे लागले. नेटवर्कची योग्य विभागणी नव्हती, असे कारण सरकारने संसदेत दिले. म्हणजे आतल्या जाळ्यात भिंती नव्हत्या. संसर्गाच्या वॉर्डाला वेगळे दार का ठेवतात, हे डॉक्टरांना समजावून सांगावे लागत नाही. मग पाहुण्यांचे वाय-फाय आणि प्रयोगशाळेचे यंत्र एकाच जाळ्यात कसे चालते? स्विचमध्येच जाळ्याचे वेगळे भाग पाडण्याची सोय असते. बहुतेक ठिकाणी ती फक्त सुरू करायची राहिलेली असते.

एक गोष्ट मात्र तालुक्याच्या पातळीवर सुटणार नाही. आतले जाळे कितीही चांगले असले तरी नोंदणीची प्रणालीच दूरच्या सर्व्हरवर राहत असेल, तर बाहेरची केबल तुटताच खिडकी बंद. डिजिटल आरोग्य अभियान 2021 मध्ये देशभर सुरू झाले, ई-संजीवनीमुळे दूरच्या तज्ज्ञाचा सल्ला गावात मिळू लागला. ही कामे बाहेरच्या जोडणीशिवाय होणार नाहीत आणि तशी अपेक्षाही नाही. पण प्रसूतिकक्षात रक्तस्राव होत असलेल्या बाईचे हिमोग्लोबिन पलीकडच्या खोलीतून कळायला इंटरनेट लागू नये. नोंद आधी रुग्णालयातल्या संगणकावर व्हावी आणि जोडणी परत आली की वर पाठवली जावी, अशीच प्रणाली आरोग्य विभागाने मागितली पाहिजे. डोंगरी तालुक्यांसाठी ही अट ऐच्छिक असू नये.

बाकीचे स्थानिक पातळीवर होण्यासारखे आहे. रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून केबल घेताना तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार गळ्यात पडत नाही ना, हे पाहावे. ती स्वस्त असते, बाहेरून तशीच दिसते आणि वाकवली की लवकर तुटते. केबल पाइपातून न्यावी, कारण उंदरांना ती आवडते. स्विचला इन्व्हर्टर आणि नीट अर्थिंग हवे, नाहीतर जनरेटर सुरू असूनही जाळे मेलेले. कंत्राटदाराचे बिल मंजूर करण्याआधी प्रत्येक जोडणीचा चाचणी अहवाल घ्यावा. कुठली केबल कुठून कुठे जाते, याचा नकाशा स्विचच्या कपाटावर चिकटवावा. आणि त्या कपाटाची किल्ली कार्यालय बंद झाल्यावर बाबूंच्या खिशातून घरी जाऊ नये. ती रात्रपाळीच्या सिस्टरांच्या टेबलावर, औषधांच्या कपाटाच्या किल्लीशेजारी असावी.