जुन्या गाडीची बीडिंग काढताना



गेल्या अंकात गंजाबद्दल चार ओळी लिहिल्या, त्यावर अश्दोदहून एका भगिनीचा फोन आला. त्यांच्या यजमानांची १९८०च्या दशकातली सुबारू अजून दारात उभी आहे. यजमान नाहीत, पण मुलाला ती कलेक्टरची गाडी म्हणून नोंदवायची आहे. दरवाज्यांवरच्या लांब पट्ट्यांच्या कडेने रंगाला फोड आलेत. पखाख, म्हणजे आपला मुंबईचा डेंटर हो, तो म्हणाला, "पट्ट्या ओढून काढतो, नाहीतर त्यांच्यावर टेप मारून तसाच रंग देतो." बाईंनी विचारलं, "भाऊ, हो म्हणू का?"

दोन्हीला नाही म्हणा.

त्या काळात अरब बहिष्काराच्या धाकाने बाकीच्या बहुतेक जपानी कंपन्या इस्राएलला गाड्या विकत नव्हत्या, म्हणून सुबारू घरोघरी दिसायची. पण आता तिच्या बीडिंगा नव्या मिळणं कठीण. कलेक्टरच्या गाडीला ३० वर्षं पुरी लागतात आणि ती मुळात होती तशी राखलेली असावी लागते. तुटलेली पट्टी म्हणजे भंगारवाड्यात महिनोन् महिने हिंडणं आलं.

आणि टेप मारून रंग दिला तर? फोड दिसतो तिथे गंज सुरू होत नाही, तो पट्टीच्या मागे सुरू होतो. क्लिपेसाठी पत्र्याला भोक पाडलेलं असतं, त्याच्या कडेचा रंग पातळ. तिथे धूळ आणि समुद्राची खारी हवा अडकून राहते. वरून रंग दिला की दोन पावसाळ्यांत फोड पुन्हा हजर, शिवाय टेपच्या रेषेवरून रंग सुटतो तो वेगळाच.

काढायच्या आधी पट्टी कशाने धरली आहे ते बघा. काही नुसत्या चिकटवलेल्या असतात, काही नायलॉनच्या क्लिपांवर बसवलेल्या, तर काहींना मागून खिळा असतो आणि आतून नट. टोकाला छोटं झाकण असलं तर त्याखाली स्क्रू असू शकतो. खरी खात्री दरवाज्याचं आतलं पॅनल उघडल्यावरच होते. नट असूनही बाहेरून ओढलं तर खिळा तुटतो किंवा पत्रा बाहेर फुगतो. गंजलेल्या नटावर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. घाई नको!

प्लास्टिक आणि रबर थंडीत कडक होतं, मग तडकतं. म्हणून हे काम हिवाळ्याच्या सकाळी काढू नका. आपल्याकडे ऊन फुकट आहे, अर्धा तास गाडी उन्हात ठेवा. नाहीतर केस सुकवायचं यंत्र चालेल. पट्टीच्या वर-खाली रंगावर कागदी टेप लावा आणि प्लास्टिकची पाचर एकेका क्लिपेजवळ नेऊन थोडं थोडं उचला. स्क्रू ड्रायव्हरने एका टोकापासून ताणू नका. ॲल्युमिनियमची पट्टी एकदा मुडपली की तो मोड पुरता जात नाही, मग कितीही पॉलिश करा. चिकटवलेल्या पट्टीमागून मासे पकडायची नायलॉन दोरी करवतीसारखी पुढे-मागे ओढली की डिंक कापला जातो. उरलेला डिंक पांढऱ्या स्पिरिटने पुसा. थिनर मात्र जुन्या रंगाला लावू नका, रंगच निघून येईल. स्पिरिटसुद्धा आधी आड जागी लावून बघा.

पुढच्या काचेभोवतीची चकाकती पट्टी घरी काढू नका, असं माझं मत आहे. ती काचेच्या रबरात किंवा काचेला लागून क्लिपांवर बसते. हात घसरला तर काच जाते. ते काम काचवाल्याला द्या.

काढलेल्या पट्टीवर मागून लिहा: डावा पुढचा, उजवा मागचा. दिसायला सारख्या असतात पण अदलाबदल केली तर भोकं जुळत नाहीत. क्लिपा वेगळ्या पिशवीत ठेवा आणि एक नमुना घेऊन दुकानात जा. क्लिपा बहुधा मापाने जुळून मिळतात, पट्ट्या तशा मिळत नाहीत.

आता पत्रा उघडा झालाय तर गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. बोट दाबल्यावर पत्रा आत गेला तर तिथे लांबी भरून उपयोग नाही, तुकडा कापून नवा वेल्ड करावा लागेल. पखाखाला हे आधीच विचारा, पैसे तिथेच वाढतात. मग प्रायमर, रंग, आणि भोकांच्या कडांनासुद्धा ब्रशने रंग. दरवाज्याच्या आतून भोकांवर मेण फवारून घ्या. दरवाज्याच्या तळाची पाणी जायची भोकं मात्र मोकळी ठेवा, ती बुजली तर दरवाजा आतून सडतो. रंग पुरता वाळल्याशिवाय पट्टी बसवू नका. चिकटवायची असेल तर किती दिवस थांबायचं ते रंगवाल्यालाच विचारा.

त्या भगिनीच्या मुलाने आता आतलं पॅनल उघडलंय. मागच्या दोन्ही दरवाज्यांत नट निघाले, पुढच्यांत क्लिपा. काम अजून चालू आहे.