रेकॉर्डिंग पाठवाल का?

गाण्याच्या ऑनलाइन क्लासच्या व्हॉट्सॲप गटावर सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य कोणतं, सांगा बरं? "आज जमणार नाही, रेकॉर्डिंग पाठवाल का?" माझं तुमच्याशी भांडण आहे ते या वाक्यावरून.

आमच्या न्यू जर्सीत मुलं संध्याकाळी सातला क्लासला बसतात, तेव्हा उन्हाळ्यात पुण्यात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आपण घड्याळं मागे घेतो, भारत घेत नाही, म्हणून हिवाळ्यात बाईंना साडेपाच मिळतात. एवढंच त्यांचं सुख. रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा यमन त्या घरातले सगळे झोपलेले असताना, दार लावून, अर्ध्या आवाजात शिकवतात. आणि समोर काय? दोन मुलं, तीन काळ्या चौकटी आणि "सॉकर होतं हो" असा निरोप.

रेकॉर्डिंगच हवं असेल तर बाई कशाला हव्यात? भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर ऐका की! फुकट आहेत आणि आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं गातात. पण तुमच्या मुलीचा तीव्र मध्यम जरासा उतरतो, हे त्यांपैकी कोणीही तिला सांगणार नाही. ते बाई सांगतात. "थांब, तिथेच थांब, परत घे." त्या क्षणी तिच्या गळ्यात जे होतं त्यासाठी आपण फी देतो. रेकॉर्डिंगमध्ये ते "थांब" दुसऱ्याच मुलाला म्हटलेलं असतं.

आता काहीजण म्हणतील, गुरूसमोर मांडी घालून बसल्याशिवाय गाणं येत नाही, ऑनलाइन म्हणजे नुसता देखावा. मला हे पटत नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं शाळेत, वर्गात आणलं. शिकवण्याची जागा आणि रीत याआधीही बदलली आहे.

झूमच्या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यातल्या बऱ्याच आपल्या घरातल्या आहेत. आवाज पोचायला जरा वेळ लागतो, म्हणून बाईंबरोबर एकदम गाता येत नाही. त्यांनी तिकडे तबला लावला तर मुलगी समेवर येऊनही त्यांना उशिराच ऐकू येते. म्हणून ठेका आणि तानपुरा तुमच्या घरी, मुलीजवळ वाजायला हवा, म्हणजे सूर आणि आधार एकत्रच तिकडे पोचतात. आणि झूमला तानपुरा हा पंख्यासारखा गोंगाट वाटतो, तो पुसून टाकतो. त्यासाठी 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय आहे, दोन मिनिटांचं काम. किती घरांत ती चालू आहे? आपण मात्र पुण्याच्या नेटला नावं ठेवतो.

फीचंही तसंच. गावातल्या पियानोच्या शिक्षिकेला चोवीस तास आधी कळवलं नाही तर ती पूर्ण पैसे घेते, आपण निमूट देतो. पुण्याच्या बाईंना मात्र "या महिन्यात दोनच क्लास झाले, तेवढे कापून घ्या" म्हणायला आपली जीभ अडखळत नाही. वर पुन्हा "तिकडच्या मानाने बरेच मिळतात त्यांना". पहाटे साडेचारला उठायचे तिकडच्या मानाने किती मिळायला हवेत, हा हिशेब कोणी केलाय का?

खरं तर दोघांना सोयीची वेळ आहे. शनिवारी सकाळी नऊ. उन्हाळ्यात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा असतात, हिवाळ्यात साडेसात. बाई जाग्या, घर जागं, यमनाचीही वेळ झालेली किंवा होत आलेली. मी हे गटावर सुचवलं तेव्हा पाच घरांपैकी चार घरांनी एकच उत्तर दिलं: शनिवारी सकाळी सॉकर असतं.

सॉकरच्या कोचला कोणी रेकॉर्डिंग मागितलेलं मी अजून ऐकलेलं नाही.